सार्मेंतुला तीन मार्क

कुइंब्रा, ७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अक्रोड पोचले. खोलीतल्या तिघींनी दोन दिवसांत फस्त केले, माझ्या वाट्याला टरफलं आली.

निवडणुकीची टीव्हीवरची चर्चा बघच, असं तू बजावलं होतंस. बघितली! डोकं उठलं नुसतं. अर्धा तास दोन पुढारी एकमेकांवर खेकसले, आणि मग दोन तास पाच शहाण्यांनी त्यांना दहापैकी मार्क वाटले. टाय छान, हसणं छान, म्हणून त्या आरडाओरडा करणाऱ्या लोउरेइरुला आठ. सार्मेंतुला तीन! ऑपरेशनसाठी लोकांनी किती महिने ताटकळायचं असं विचारलं, तर पठ्ठ्या सात सेकंद गप्प. मग म्हणाला, तारीख मला माहीत नाही, आणि जो सांगेल तो थापा मारतोय. त्याचं ते तोंड आता गाणं लावून सगळ्यांच्या फोनवर फिरतंय. आम्ही पोट धरधरून हसलो.

हा तमाशा बघून मत ठरवायचं? त्यापेक्षा झोपा काढलेल्या बऱ्या. तेव्हा ३० तारखेला मतदानाला मी गावी येत नाही. सहा तास बसमध्ये अंग आंबवायचं ते कुणासाठी?

आणि तुझं अक्षर हल्ली एवढं मोठं का? एका पानात चार ओळी! मी काय पहिलीत आहे?

रागावलीस तरी चालेल, अक्रोड मात्र पाठवत जा.

तुझी,
बेनेदिता

फ्रेइशाल, १४ जानेवारी

चि. बेनेदिता,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

छत्तीस वर्षं शाळेत मी मार्क दिले, पण कुणाच्या टायला दिले नाहीत. ओरडणाऱ्याला मी आधी बाकावर उभं करायचे. त्या पाच शहाण्यांना शिकवायला कोण होतं, देव जाणे.

अक्षराचं विचारलंस. इतके दिवस लपवलं, आता सांगते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशनच्या यादीत नाव घालून चौदा महिने झाले. चर्चा मी बघत नाही गं, ऐकते. कोण गोड हसतंय ते मला दिसत नाही. तुझी पत्रंसुद्धा पोस्टवाली इदालिना वाचून दाखवते, तेव्हा जपून लिही. झोपा काढायचं वाचून तीच फणकारली.

लोउरेइरु म्हणाला, तीन महिन्यांत यादी संपवतो. चार वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होता. मग सार्मेंतुला विचारलं आणि सगळं गप्प झालं. मला वाटलं, टीव्ही बिघडला. चौदा महिन्यांत माझ्या प्रश्नावर कुणी विचार करतंय, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आपल्या शाळेच्या हिशोबाने वीसपैकी पंधरा दिले मी त्याला.

आता कामाचं. मतपत्रिकेवरचे चौकोन मला दिसत नाहीत. सोबत माणूस नेता येतो, पण दाखला लागतो. दिसत नाही याचा दाखला म्हणे दहा मिनिटांत मिळतो, आणि दिसावं म्हणून चौदा महिने पुरत नाहीत! गावातलं कुणी मला सोबत नको. इदालिना तर मुळीच नको, तिला सकाळी कळलं की दुपारी नदीपलीकडे पोचतं.

तू तुझं मत दे नाहीतर चुलीत घाल. माझी फुली तेवढी माझ्या चौकोनात पडू दे.

अक्रोड संपले, माया शिल्लक आहे.

तुझी आत्या,
फेलिस्मिना

कुइंब्रा, १९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चौदा महिने! आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस? इतका संताप आला की हे पत्र दोनदा लिहून फाडलं.

काल ती चर्चा परत लावली, डोळे मिटून ऐकली. लोउरेइरुचा नुसता कलकलाट उरतो. ते सात सेकंद आले तशा मैत्रिणी पुन्हा खिदळल्या. मी त्यांच्यावर खेकसले आणि मग मलाच रडू फुटलं. तरी सांगते, या चर्चा टुकारच आहेत. आधी त्या मार्क वाटणाऱ्यांना हाकला, मग बघू.

२९ तारखेच्या बसने येते. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी दाखला, मग मतदान. आल्येइरा तळून ठेवू नकोस, त्या डोळ्यांनी चुलीपाशी जायचं नाही. ती सॉसेज मी आल्यावर तळीन. तू कानात सांगशील त्याच चौकोनात फुली मारीन, आणि मग माझीही मतपत्रिका मागून घेईन.

इदालिनाबाई, पुढची ओळ जरा हळू वाचा, आणि वाचून झाल्यावर दोन मिनिटं बाहेर थांबा.

आत्या, ते सगळे हसले ना, त्यात मी होते. माफ कर.

तुझीच,
बेनेदिता