फोटोची उजवी कड

नारिन, १४ ऑक्टोबर

चिरंजीव भगिनी बुरुल हिस ज्येष्ठ बंधू सुयुनबेक याचे अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेमकुशल आहे. डोंगरावर बर्फ उतरले, बटाटे तळघरात गेले आणि तुझ्या वहिनीचा माझ्यावरील क्रोध यथास्थित आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुझा लिफाफा पावला. दिवंगत बाबांचा शेवटचा फोटो मी घरच्या प्रिंटरवर स्वहस्ते छापला, स्वहस्ते कापला, त्यांच्या मृत्यूच्या वर्षदिनाच्या भोजनापूर्वी घरोघरी पोचवला; आणि तू तो परत धाडतेस? पाठीमागे पेन्सिलीने प्रश्न: "दादा, पाणी कोण ओततंय?" त्याखाली धमकी, की आम्ही दोघं वर्षदिनाला येणार नाही! तीस वर्षे भूमिती शिकवणाऱ्या माणसाचा इतका संक्षिप्त अपमान आजवर कोणी केला नव्हता.

प्रथम तांत्रिक बाजू ऐक. यंत्राने कागद तिरका ओढला. उजवीकडे वर बोटभर पांढरी पट्टी, खाली शून्य. अशी कड पाहुण्यांसमोर मांडायची? मी खाली काच घेतली, पोलादी पट्टी ठेवली, सुरीला नवे पाते लावले. पट्टी घसरली. कड सरळ करण्यास दुसरा छेद अनिवार्य झाला. आणि आपल्याकडे जावई फोटोत टोकालाच उभा असतो, ही रूढी मी निर्माण केलेली नाही! तुझा मेदेर बाबांच्या हातांवर झारीने पाणी घालत उजव्या टोकाला उभा होता. तो छेदाच्या मार्गात आला. यात द्वेषबुद्धी कुठे?

तुझी वहिनी मात्र फोटो पाहून म्हणाली, "अहो मास्तर, डावीकडचं कुंपण राहिलं, कोंबड्या राहिल्या. नेमका मेदेरच सापडला?"

"अगं, पांढरी पट्टी उजवीकडे होती."

"बोटभर पट्टीसाठी सहा फुटी माणूस?"

या स्त्रीला भूमिती येत नाही. मोजता मात्र येते.

फोटो माझ्यासमोर आहे. बाबा ओंजळ पुढे करून बसले आहेत. कागदाच्या कडेतून पाणी येते आहे.

बाबांच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवसाच्या भोजनाला वृद्धांनी मांडीचे हाड, थोरल्या मुलाचा मान, मेदेरपुढे ठेवले, ते तुला आठवत असेल. "तीन हिवाळे यानं उचललं म्हाताऱ्याला," एवढेच बोलले. मेदेरने ताट माझ्याकडे सरकवले. "घ्या दादा, तुमचंच आहे." भर पंक्तीत इतके औदार्य दाखवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

आणि मी ते खाल्ले.

बाबा कोचकोरला तुमच्याकडे होते, ते तीनही हिवाळे मी फोनवर सांगत असे की मधली खिंड बर्फाने बंद आहे. खिंड बंद नव्हती, बुरुल. रोज गाड्या येत-जात होत्या. माझ्याच शाळेतला व्यायामशिक्षक दर शनिवारी जात असे.

पहिल्या छेदाला पट्टी घसरली, हे सत्य आहे. दुसऱ्या छेदाला ती घसरली नाही. ती कुठे ठेवतो आहे, हे मला दिसत होते.

वाटलेल्या अकरा प्रती काल परत गोळा केल्या. प्रत्येक उंबऱ्यावर कारण सांगावे लागले. एकदाही ते विनोदाने सांगणे जमले नाही.

शुक्रवारी वर्षदिन. वृद्धांना बजावून ठेवले आहे: मानाची दोरी मेदेरने धरल्याखेरीज भोजनाचा घोडा कापला जाणार नाही. दोनशे पाहुणे उपाशी उठले, तर त्याचे पातक तुझ्या माथी! ते तुझ्या माथी मारणे मला सहज जमते, हे तू जाणतेस. खिंड उघडी आहे. मी आज चौकशी केली.

हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव. त्याच्या नावाने तीनदा लिहायला बसलो. मायन्यापुढे गेलो नाही.

जे मेदेरला सांगायचे ते तुला लिहिणारा,
तुझा थोरला भाऊ
सुयुनबेक