मोहिनीच्या वाट्याच्या मेंढ्या

मी, साखराबाई बंकट शिंगाडे, धंदा मेंढपाळी, राहणार शिरूर कासार, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दबावाशिवाय माझ्या पश्चात काय कुणाला जावे ते लिहून ठेवते. अमरसिंह वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात माझे स्वप्न नव्हते. "मृत्युपत्रात स्वप्नं लिहीत न्हाईत, मावशी," ते म्हणाले. लिहीत नसतील. मी लिहिणार आहे, कारण ही वाटणी मला त्या स्वप्नानेच सुचवली.

१. घर व घरामागचे मेंढ्यांचे वाडगे मुलगा परमेश्वर यास. दारचा कडुनिंब मात्र तोडायचा नाही. दुपारी त्याखाली आडवी झाले की डोळा लागला की नाही ते माझे मलाच कळत नाही, आणि गेलेली माणसे येऊन निवांत बोलून जातात. माझे मालक बंकटराव तर रोज येतात.

२. लोकर कातरायची कात्री सून प्रियदर्शनी हिला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे तिच्या तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून इथे म्हणते.

३. काळे घोंगडे जावई युवराज यांना. ते अमेरिकेत स्वतःचा ट्रक चालवतात. दिवाळीला आले तेव्हा त्यांचे आणि माझी मुलगी मोहिनी हिचे अंगणात चांगलेच वाजले. तिकडे विम्याशिवाय दवाखान्याची पायरी चढवत नाही, विम्याचा हप्ता वाढतच चालला आहे, आणि त्याचा भार कुणी उचलायचा यावरून तिथले दोन पक्ष हमरीतुमरीवर आले आहेत. जावई म्हणाले, "मी धडधाकट हाय. दुसऱ्याच्या आजारपणाचं मी कावून भरू?"

"उद्या तुमीच आडवे झालात तर?" मोहिनी म्हणाली.

"तवा बघू."

मला लई राग आला होता. अजून गेलेला नाही, पण ट्रकमध्ये थंडी वाजत असेल.

४. कळपाविषयी. मोहिनी लहान असताना मेंढ्यांवर देवीचा रोग आला आणि बघता बघता आमचे वाडगे रिकामे झाले. आमच्यात रीत अशी की, ज्याचा कळप रोगाने गेला त्याला मेंढपाळांच्या तळावरच्या प्रत्येक घराने एक मेंढी द्यायची. घेणाऱ्याने स्वतः येऊन तिचा कान धरायचा. दुसऱ्या कुणी धरलेला चालत नाही. बंकटराव लाजेने उठेनात, मीच त्यांना हाताला धरून नेले. त्या मेंढ्यांच्या वेतांवर मोहिनी शिकली. दिवाळीत मी जावयांना हे सांगायला गेले तर मोहिनीच म्हणाली, "आई, आपल्या तळावर सगळे एकमेकांला वळखतात. तिथं कोण कुणाला वळखतंय?"

त्याच दिवशी तिची वेणी घालताना कानाखाली माझ्या बोटांना गाठ लागली. "तिकडं गेल्यावर दाखवीन," म्हणाली. नव्या वर्षात हप्त्यासाठी मिळणारी तिथल्या सरकारची जादा मदत बंद झाली, हप्ता आवाक्याबाहेर गेला आणि दोघांनी विमा सोडून दिला. गाठ तशीच आहे. फोनवर बोलताना ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसते. आईला काही कळत नाही असे तिला वाटते.

मग ते स्वप्न पडले. नारायणगडाच्या उतारावरून माझा कळप निघाला आणि चालता चालता बर्फात शिरला. मेंढ्यांच्या गळ्यातले घुंगरू हलत होते, पण आवाज येत नव्हता. सगळीकडे दुधासारखा उजेड होता आणि मला थंडी अशी वाजतच नव्हती. मोहिनीचे दार आले. मेंढ्या दारात गोळा झाल्या. ती खिडकीतून नुसती बघत होती. मी म्हणाले, "धर गं कान." तिचा हात काचेतून बाहेर येईना.

जाग आली तशी मी तळावर गेले आणि तिच्यासाठी मेंढ्या मागितल्या. तळावरचा राधाकिशन म्हणाला, "अमेरिकेतल्या बाईला मेंढी? कावून?" धुळाजी कडेला बसला होता. विहिरीच्या पाण्यावरून त्याच्याशी माझा अबोला कित्येक वर्षांचा. तो उठला. "पोरगी आपल्याच तळावर रांगली बे," एवढेच बोलला आणि पहिली मेंढी घेऊन आला. मग बाकीचेही उठले. धुळाजीशी असलेले भांडण मी या कलमाने कायमचे मिटवते. विहीर त्याची.

५. त्या मेंढ्या आज माझ्या वाडग्यात आहेत. मोहिनीने स्वतः येऊन कान धरेपर्यंत त्या देणाऱ्यांच्याच राहतील. परमेश्वरने तिच्या वतीने धरायचा नाही, मीही धरणार नाही. तिने धरल्यावर त्या विकून गाठीचा इलाज इथे करावा. कमी पडल्यास माझा कळप त्यात घालावा, उरेल तो परमेश्वरचा. त्याला हे मान्य आहे.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, असे वकील म्हणतात. तेवढी वाट मी बघणार नाही. सह्या होताच प्रियदर्शनीने याचा फोटो काढून मोहिनीला पाठवायचा आहे. मोहिनी, माझ्या तेराव्याला आली नाहीस तरी चालेल. आत्ता ये.

हे वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केली.

साखराबाई बंकट शिंगाडे
शिरूर कासार, ८ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार:
बद्रीनाथ (सही)
धुळाजी (सही). पोरी, माझी मेंढी गाभण हाय. ती व्यायच्या आधी ये.