खळग्यात सोडलेला ओळंबा

रविवार, संध्याकाळ. कोथरूड.

आज शिरूरच्या पुढे, उजाड माळावरून नदीच्या कडेने चालत खळग्यांपर्यंत गेलो. पाण्याने काळ्या कातळात कोरलेले हे रांजणासारखे मोठाले खड्डे, पोहायला उत्तम. मेव्हणा सुधीर पोचताच सूर मारायला निघाला. मी म्हटलं, थांब. बांधकाम मी कुणाकडे शिकलो नाही, पण मोजल्याशिवाय वीट ठेवत नाही. पिशवीतून ओळंबा, भिंतीची उभी रेषा तपासायचं दोरीला बांधलेलं वजन, काढला आणि दोरीने पाण्यात सोडला.

"दाजी, पोहायला आलोय की भिंत बांधायला?" सुधीर ओरडला. बायकोही भावाच्या बाजूने हसली.

ओळंबा जेमतेम कमरेइतका खोल गेला आणि ठक्कन टेकला. हिरव्या पाण्याखाली कातळाचा कट्टा होता! सुधीरचं हसू थांबलं. शेजारच्या खळग्यात दोरी संपली तरी तळ लागेना, तेव्हा म्हटलं, इथे मार हवा तेवढा सूर. तो मात्र काठावर बसून, आधी पाय टाकून उतरला.

परतताना बायको म्हणाली, "अहो, तुमची नजर म्हणजे अगदी पक्की!" मी ओळंब्याची दोरी गुंडाळत चालत राहिलो. नजरेला तर तो पहिला खळगा मलाही खोलच वाटला होता. ओळंबा सोडतो तो त्यासाठीच. सांगायला हवं होतं तिला. उद्या सांगेन. बहुधा.