सॅम्पल फ्लॅटचा पंखा

शांती नगर, मिरा रोड
१२ मार्च १९९८

माय,
तुझ्या जीवनचा जयभीम. मी बरा आहे. दोन टाइम जेवतोय, खोकलाही थांबलाय. तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का?

पंचशीलाताईचं पत्र मिळालं. ग्रामसेवक घरकुलाच्या यादीसाठी घरोघर फिरत होते, तेव्हा तू पेटीतून माझं पत्र काढून त्यांना वाचायला दिलंस म्हणे. "माझ्या लेकाच्या घरात टीव्ही हाय, पंखा हाय," असं कौतुकानं सांगितलंस, आणि त्यांनी तिथंच आपलं नाव खोडलं.

माय, ते घर माझं नाही. तो बिल्डिंगचा सॅम्पल फ्लॅट आहे. गिऱ्हाइकांना दाखवायला सजवून ठेवलाय, तिथं कुणीच राहत नाही. मी इथं वॉचमन आहे. रोज तिथली धूळ पुसतो आणि जिन्याखाली झोपतो. तुला बरं वाटावं म्हणून जे दिसलं ते आपलं म्हणून लिहीत गेलो.

आता गिऱ्हाईक आलं आणि पंखा लावला की तू दिसतेस. सोफा सोडून खाली फरशीवर बसलेली, पंख्याकडं बघत. मी घाबरून बटण बंद करतो. पंखा थांबतो, पण तू उठत नाहीस.

मागचा कूड पडलाय, असं ताईनं लिहिलंय. मग तू झोपतेस कुठं?

हे पत्र ग्रामसेवकाला दाखव. वस्तीत मात्र जुनंच दाखव.

तुझा
जीवन