दुखऱ्या पायांचा हेवा

येवला, १ फेब्रुवारी २०२६

प्रिय ताईस,
तेजलचा सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र रिकाम्या डब्यासोबत कंडक्टर गोटीराममामांच्या एसटीने पोचलं. अकादमीत तुमचे मोबाइल काढून घेतात म्हणून आईला आधी वाईट वाटायचं. आता म्हणते बरंच झालं, पत्र चारचौघींना दाखवता येतं. बैठकांनी तुझे पाय इतके दुखतात की जिना उतरताना भिंत धरावी लागते, हे एव्हाना सगळ्या गल्लीला पाठ झालं आहे. शेजारच्या भिमाबाईंनी तर मला विचारलं, की तुझे का गं दुखत नाहीत?

खरंच दुखत नाहीत. पहाटे शाळेच्या मैदानावर धावते, गोळा फेकते, मग दिवसभर मागावर बसून पैठणी विणते. दुसऱ्या दिवशी अंग हलकंच. आई म्हणते, ज्याचं दुखलं नाही त्याने व्यायाम नाही केला, फेरफटका मारला. पोलीस भरतीचा फॉर्म दोघींनी भरला, पण घरातून एकीलाच अकादमीत पाठवता येत होतं, दुसरीने बाबांसोबत माग सांभाळायचा होता, आणि तू मोठी. तेव्हा मी काही बोलले नाही. आज बोलते. मला तुझ्या दुखऱ्या पायांचाही हेवा वाटतो. मैदान एकच, माझी चाचणी सोळाला, तुझी वीसला. तू तिथे भट्टीतून निघाल्यासारखी येशील आणि मी आपली मागावरून उठून.

आठशे मीटरचा माझा वेळ मागच्या पानावर लिहिलाय. भिमाबाईंची सृष्टी मोबाइलवर घड्याळ लावते, वेळ खरा किती कोण जाणे.

डब्यात अंडी आहेत, माझ्या वाटणीचीही. खा, आणि माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी,
तेजल


नाशिक, ५ फेब्रुवारी

चि. तेजल हिस,
ताईचा जय भीम आणि अ. उ. आशीर्वाद.

अंडी पोचली. तुझ्या वाटणीची जरा लहान होती.

बाई गं, हेवा करण्यासारखं इथे काय आहे? काल गोळाफेकीनंतर केस विंचरायला हात वर जाईना, खोलीतल्या मैत्रिणीने वेणी घातली. सकाळी आम्ही सगळ्या कण्हतच उठतो, आणि जी कण्हत नाही तिच्याकडे बाकीच्या बघतात. तुला कुणी असं घासून घेत नाही, त्याला तू तरी काय करणार?

तुझा वेळ वाचला. सृष्टीला घड्याळ कधी बंद करायचं ते कळत नसावं. एवढ्या वेळात इथल्या दोनच मुली पोचतात आणि त्या दोन वर्षं तयारी करताहेत. आमचे प्रशिक्षक सुनील सर तर बोलणं ऐकतच नाहीत, नुसते घड्याळाकडे बघतात.

तुला दुखवूनच घ्यायचं असेल तर उपाय सांगते. अनकाईच्या किल्ल्यावर जा. चढायला नव्हे, उतरायला. पायऱ्या वरून खाली धावत ये, पुन्हा वर जा, पुन्हा धावत ये. आम्हाला एकदा पांडवलेण्याच्या पायऱ्या अशाच उतरायला लावल्या होत्या, तीन दिवस उठबस होत नव्हती. चाचणीच्या दोन दिवस आधी केलंस तर पाय चांगले तापलेले राहतील.

आईबाबांना जय भीम. आठवण ठेव, नुसती डब्यापुरती नको.

तुझी ताई,
अंजली


येवला, १२ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
तेजलचा सप्रेम जय भीम, वि. वि.

दुखलं गं! नऊ तारखेला अनकाई केली. त्या दिवशी काही वाटलं नाही, मी हिरमुसून परत आले. दुसऱ्या दिवशी खाटेवरून पाय खाली ठेवला आणि आईगं म्हणून परत बसले. इतका आनंद झाला की विचारू नकोस. मुद्दाम लंगडत भिमाबाईंच्या दारावरून गेले.

मागावर मात्र घोटाळा झाला. पायाखालची पावडी दाबली की मांडीतून कळ जायची, त्यामुळे हातातल्या फणीचा ठोका एकदा हलका, एकदा जोरात पडायचा. बाबांनी कापड उजेडात धरलं तर मधेच विरळ पट्टा दिसला. पैठणी लग्नाची आहे. वीतभर विणलेलं उकलावं लागलं आणि बाबा जेवले नाहीत. आईला म्हटलं, बघ, आता माझेही दुखतात. तर तीच माझ्यावर ओरडली. तुझे दुखतात तेव्हा कौतुक, माझे दुखतात तेव्हा नुकसान.

कालपासून दुखणं उतरत चाललंय, म्हणून धास्ती वाटते. तू लिहिलंस तसं चौदाला पुन्हा अनकाईला जाते, म्हणजे सोळाला पाय ताजे दुखतील.

तुझ्या उपायाचे उपकार आहेत. असाच जीव लावत राहा.

तुझी,
तेजल


नाशिक, १३ फेब्रुवारी

तेजल,
जय भीम. बाकी मायना राहू दे.

अनकाईला जाऊ नकोस. चाचणी होईपर्यंत कुठलाच गड नको, कुठलीच नवी कसरत नको. झोप काढ, हलकं धाव, मागावर बस.

पांडवलेण्याच्या संध्याकाळी सुनील सरांनी आम्हाला सांगितलं होतं, की दुखणं म्हणजे अंगाला सवय नसलेलं काही भेटलं, एवढंच. त्यावरून व्यायाम चांगला झाला की वाईट ते कळत नाही. सवय झालेले पाय दुखत नाहीत आणि तरी वेगात येतात. चाचणीच्या आठवड्यात पाय दुखवून घेणारी मुलगी मूर्ख, असंही म्हणाले होते. हे मला तुला लिहायच्या आधीपासून ठाऊक होतं.

माझा वेळ आले त्या दिवशी होता तिथेच आहे. घरी दाखवायला माझ्याकडे दुखण्याशिवाय काही नव्हतं, आणि तू मागावरून उठून माझ्यापुढे गेलीस. माझा जळफळाट झाला. पुढचं तुला कळतंच.

जाऊ नकोस. रागावलीस तरी चालेल.

अंजली


येवला, १७ फेब्रुवारी

ताईस,
तेजलचा जय भीम, वि. वि.

गोटीराममामांना महाशिवरात्रीच्या जादा गाड्यांवर त्र्यंबकला लावलं होतं. तुझं पत्र आज डब्यात मिळालं. चाचणी काल झाली.

अनकाईला मी गेले नाही, पण ती तुझी पुण्याई नव्हे. उकललेलं कापड पुन्हा विणल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असं आईने बजावलं होतं. दोन दिवस सावकाश पावड्या दाबत बसले. मैदानावर उभी राहिले तेव्हा पायांत काहीच दुखत नव्हतं, आणि मला रडू आलं. वाटलं, सगळं वाया गेलं, ताईने सांगितलेलं एवढंही जमलं नाही. रडतच धावले. आठशे मीटरला पूर्ण मार्क मिळाले. सृष्टीचं घड्याळ बरोबर होतं.

मग आज तुझं पत्र वाचलं. दुपारी जेवले नाही. उत्तर लिहायला बसले आणि त्यात तुला लिहिलं, की तूही आता अंजनेरी उतर, वरून खाली धावत, चांगली दोनतीनदा. सही करून घडीही घातली. मग ते फाडून चुलीत टाकलं. राग गेला म्हणून नव्हे. तो अजून आहे आणि किती दिवस राहील ते सांगता येत नाही.

आता बैठका बंद कर. सर सांगतील तेवढंच धाव आणि झोप. या खेपेची अंडी सगळी तुझी. वीसला मी येतेय, मैदानाच्या दोरीपलीकडे उभी राहीन.

आईने माझ्या मार्कांचं गल्लीत अजून कुणाला सांगितलेलं नाही. म्हणते, अंजलीचं होऊ दे, मग दोघींचं एकदम सांगू. म्हणजे तुझंच नाव आधी घेणार. मला त्याचाही हेवा वाटेल, तो वाटू दे. तू फक्त पास हो.

तुझी,
तेजल