तुकडा माझाच होता

कोपरखैरणे, ९ डिसेंबर १९९६

चि. सौ. सुशीलास दादाचा आशीर्वाद.

कार्ड पोस्टमनपासून सगळेच वाचतात, म्हणून आंतरदेशीय घेतलं. एकटीच वाच.

माझ्या छातीत गाठ होती. मार्केटात कांद्याची पोती छातीशी धरून घट्टा पडला असेल, असं समजून वर्षभर हळद लावली. शेवटी डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. लॅबमधल्या मॅडमना वाटलं, कुणा बाईचा तुकडा चुकून माझ्या नावावर आला. परत काढला, तरी तेच निघालं. स्तनाचा कॅन्सर. शंभर पेशंटमध्ये एखादाच पुरुष असतो म्हणे.

पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. जेवण जातं, झोपही लागते. म्हैस व्याली का?

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का. मी नाही म्हणालो. घरी आल्यावर आई आठवली. शेवटच्या वर्षी ती चोळीत फडकं ठेवायची, विचारलं की पदर ओढून घ्यायची. ते फडकं तूच धुवायचीस.

उद्या जाऊन डॉक्टरांना खरं सांगतो. तू साताऱ्याला जाऊन लेडी डॉक्टरला दाखवून ये. लाज वाटली, तर बायकांच्या रांगेत एकटा बसलेला तुझा भाऊ आठव.

तुझा,
हणमंतदादा