कावळा शिवला नाही तर

मी मथुराबाई, कै. सुधाकर महाजन मास्तर यांची पत्नी, वय सत्तावन्न, राहणार शनवारा, बुऱ्हाणपूर, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. मनाचे तसे सांगता येत नाही, त्याचे कारण पुढे येईल. वकील मधुकरराव म्हणतात, असले मृत्युपत्रात घालत नाहीत. कागद माझा आहे, त्यांनी लिहावे.

१. राहते घर माझी एकुलती मुलगी सुलभा हिला द्यावे.

२. मास्तरांची पुस्तके त्यांच्या शाळेला द्यावीत. शिलाई मशीन शेजारच्या मंगलेला. सहा वर्षे तिचा त्याच्यावर डोळा आहे, आता खुशाल न्यावे.

३. माझी आत्या रंभाबाई, तिचा मुलगा लोटू याला काही देऊ नये. त्याचा दोष नाही, पण माझा हात तिकडे वळत नाही. मी सहा वर्षांची असताना बहादरपुरात आई वारली. दहाव्याला तापीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मी रडत होते. आत्या वडिलांना म्हणाली, "पोर रडस म्हनीसन कावळा शिवत नही. मायना जीव अडकेल शे." वडिलांनी मला उचलले, घाटावरच्या धर्मशाळेच्या खोलीत घातले आणि कडी लावली. मी भिऊन गप्प झाले आणि कावळा शिवला. सगळ्यांना हायसे वाटले, मंडळी गाड्यांत बसून घरी गेली. मी आत आहे याचा सगळ्यांना विसर पडला. पंगतीत एक पान उरले तेव्हा वडील धावत आले.

त्यानंतर मी रडले नाही. अजून लहान मूल रडले की छाती धडधडते, हातपाय गार पडतात. बंद खोलीत बसवत नाही. वैद्यांनी वात म्हटले, लोकांनी दगड म्हटले. मास्तर बिचारे कधी कडी लावून झोपले नाहीत. चोराने दोन हंडे नेले तरी म्हणाले, "जाऊ दे, तुझा डोळा लागला होता ना?"

४. मास्तर गेले तेव्हा सुलभा दहा वर्षांची. त्यांच्या दहाव्याला ती हुंदके देत होती आणि कावळा लांबच बसून होता. मी तिच्या तोंडावर हात दाबला. म्हणाले, "गप. तुझ्यामुळे बाप अडकलाय." सगळे भोगलेले असून म्हणाले. कावळा शिवला. बायका म्हणाल्या, पोर शहाणी आहे. तेव्हापासून ती शहाणीच आहे. माझ्यासमोर हसत नाही, रडत नाही, वेळेवर जेवायला वाढते. कितीदा माफी मागायला बसले, पण तोंडातून भाजीत मीठ कमी आहे एवढेच निघते.

५. गेल्या महिन्यात तिची निर्मला, वय वर्षे चार, ओट्यावरून पडली. रडू लागली तशी सुलभा दात आवळून म्हणाली, "गप!" पोर तोंड मिटून उभी राहिली, गुडघ्यातून रक्त येत होते. मी कोपऱ्यातून पाहिले. मला उठता आले नाही. हे एवढेच मला थांबवायचे आहे, आणि कसे ते कळत नाही.

६. माझ्या नावाने पिंडच ठेवू नये, असे लिहिणार होते. मधुकरराव म्हणाले, ही अट कोर्टात टिकत नाही. सुलभा म्हणाली, "दुनियाची रीत आहे, माय. करावीच लागेल ना." संस्थाने विलीन झाली, राजे तनख्यावर गेले, आत्याचा शब्द मात्र आमच्या घरात अजून चालतो.

७. तर पिंड ठेवा. कावळा शिवणार नाहीच. मग तुम्ही रिवाजाप्रमाणे हात जोडून एकेक कबूल कराल: घर सांभाळू, तुळशीला पाणी घालू. ते मला नको. सुलभे, तू निर्मलेला कडेवर घे आणि तिला मोठ्याने रडू दे. जमले तर तूही रड. त्याने कावळा उडून गेला तर जाऊ दे. मी अडकून राहीन. मला सवय आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही: मथुराबाई सुधाकर महाजन
ठिकाण: बुऱ्हाणपूर. दिनांक ११ नोव्हेंबर १९५१

आमच्यासमोर सही केली. वाचनाच्या वेळी मुलगी सुलभा हजर होती. काही सांगायचे आहे का, असे विचारले असता नाही म्हणाली आणि सर्वांसाठी चहा ठेवायला आत गेली.

साक्षीदार:
१. कडू दगा पाटील, जैनाबाद
२. गोटू कौतिक चौधरी, शनवारा